स्वतःचाच कान पिळणारा कंट्रोलर

एक साधा प्रश्न. तुमच्या हातातला मोबाईल, होस्टेलच्या रूमवरचा कॉम्प्युटर, एलईडी ट्यूब आणि गच्चीवरच्या सोलर पॅनलला जोडलेला डबा, या सगळ्यांत कॉमन काय आहे? उत्तर आहे पॉवर कन्व्हर्टर. एका व्होल्टेजची वीज घ्यायची आणि दुसऱ्या व्होल्टेजची द्यायची, एवढंच त्याचं काम. डिक्शनरीत याला 'परिवर्तक' म्हणतात असं मला हा लेख लिहिताना कळलं (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे परिणाम!). पण लॅबमध्ये कुणी "सर, परिवर्तक जळला" असं ओरडत नाही, तेव्हा आपणही कन्व्हर्टरच म्हणूया.

हा कन्व्हर्टर सांभाळायला एक कंट्रोलर लागतो आणि त्या कंट्रोलरला ट्यून करावं लागतं. आपण प्रोजेक्टमध्ये ते कसं करतो हे सगळ्यांना माहीत आहे. गेन थोडा वाढवायचा, सीआरओवर बघायचं, वेव्हफॉर्म नाचायला लागली की कमी करायचा आणि व्हायवा होईपर्यंत बोर्डाला कुणाला हात लावू द्यायचा नाही! पण जो बोर्ड दहा वर्षं चालणार आहे, त्याच्याजवळ कोण बसून राहणार? म्हणून कंट्रोलरनेच स्वतःला ट्यून करावं अशी कल्पना निघाली. ती कशी चालते आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखात बघू.

बक कन्व्हर्टर, दोन मिनिटांत

समजा १२ व्होल्ट आत येतायत आणि प्रोसेसरला १.२ व्होल्ट हवेत, तेही २० अँपिअर. म्हणजे प्रोसेसर २४ वॉट घेणार. मधे लिनिअर रेग्युलेटर टाकून उरलेले १०.८ व्होल्ट पाडले, तर २१६ वॉट नुसते उष्णतेत जातील. म्हणजे चोवीस वॉटच्या कामासाठी शंभर वॉटचे दोन बल्ब पेटवून ठेवल्यासारखं!

बक कन्व्हर्टर हे वेगळ्या रीतीने करतो. तो एक मॉसफेट सेकंदाला ५ लाख वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक फेरी २ मायक्रोसेकंदांची. त्यातला १० टक्के वेळ स्विच चालू आणि ९० टक्के वेळ बंद ठेवला, की सरासरी येते १२ च्या १० टक्के, म्हणजे १.२ व्होल्ट. या १० टक्क्यांना ड्यूटी सायकल म्हणतात. पुढे एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर असतो. ते दोघं मिळून या खडबडीत पल्सेसचं गुळगुळीत डीसी करतात.

आता इंडक्टर आणि कपॅसिटरची जोडी म्हणजे एक झोका आहे. त्याची स्वतःची एक लय असते. इंडक्टर १ मायक्रोहेन्री आणि कपॅसिटर २०० मायक्रोफॅरड घेतला, तर ही लय साधारण ११ किलोहर्ट्झ येते. प्रोसेसरने अचानक जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि झोका हलतो. कंट्रोलरने योग्य वेळी ड्यूटी बदलली तर झोका थांबतो. चुकीच्या वेळी बदलली, तर बागेत लहान मुलाला झोका देताना होतं तेच होतं. प्रत्येक धक्क्याला झोका आणखी वर जातो.

हे काम बहुतेक वेळा पीआयडी करतो. 'पी' आत्ताची एरर बघतो, 'आय' साठलेल्या एररचा हिशोब ठेवतो आणि 'डी' एरर कुठल्या दिशेला चालली आहे ते बघतो. तिघांचं किती ऐकायचं हे तीन गेन ठरवतात. सुरक्षित अंतर मोजायचं माप म्हणजे फेज मार्जिन. लूपमध्ये अजून किती अंशांचा उशीर झाला तर ऑसिलेशन सुरू होईल, तो आकडा. साधारण ४५ ते ६० अंश असला की डिझायनर शांत झोपतो.

एकदा लावलेलं ट्यूनिंग उतरतं कसं?

तबला आठवा. मैफिलीआधी तबलजी हातोडीने ठोकून तो सुरात लावतो. पण हवा बदलते, चामडं ताणतं, सैल पडतं आणि तासाभरात सूर सरकतो. कन्व्हर्टरचंही असंच आहे, फक्त चामड्याऐवजी कपॅसिटर!

पहिलं कारण म्हणजे, कन्व्हर्टर मॉड्यूल बनवणाऱ्याला आपलं मॉड्यूल कुठल्या बोर्डावर जाणार हेच माहीत नसतं. कुणी पुढे २०० मायक्रोफॅरड लावेल, कुणी ८००. कपॅसिटर चौपट झाला की झोक्याची लय निम्मी होते, ११ वरून साडेपाच किलोहर्ट्झवर येते. दुसरं, इनपुट व्होल्टेज. बक कन्व्हर्टरचा गेन इनपुटच्या प्रमाणात असतो, त्यामुळे १२ व्होल्टचे ६ झाले की लूपचा जोर निम्मा होतो. तिसरं, म्हातारपण. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सुकतो, त्याची कपॅसिटन्स कमी होते आणि आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, वाढतो. तापमान १० अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, हा ढोबळ नियम. २००० नंतरच्या काही वर्षांत असंख्य मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून गळायला लागले होते. ज्यांच्या घरी जुना पीसी आहे त्यांनी कदाचित पाहिलेही असतील. सिरॅमिक कपॅसिटर सुकत नाहीत, पण त्यांचा वेगळा नखरा. रेटिंगच्या जवळपास डीसी व्होल्टेज लावलं, की काही प्रकारांची कपॅसिटन्स निम्म्याहूनही खाली येते.

याने नेमकं काय होतं ते आकड्यांत बघू. समजा आपण आदर्श पीआयडी लावून क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ ठेवली. ज्या फ्रिक्वेन्सीला लूपचा गेन बरोबर १ होतो, ती क्रॉसओव्हर. ती जितकी जास्त, तितका कंट्रोलर चपळ. अशा लूपमध्ये ९० अंश हातात असतात. त्यातून डिजिटल कंट्रोलरचा एका फेरीचा, म्हणजे २ मायक्रोसेकंदांचा उशीर वजा करायचा. ५० किलोहर्ट्झला हा उशीर ३६ अंशांचा. उरले ५४. छान!

आता कपॅसिटर निम्मा झाला. लूपचा गेन दुप्पट, क्रॉसओव्हर गेली १०० किलोहर्ट्झवर. उशीर तोच, २ मायक्रोसेकंद, पण या फ्रिक्वेन्सीला त्याचे होतात ७२ अंश. उरले फक्त १८. प्रोग्रॅममधला एकही आकडा बदललेला नाही, तरी लोड बदलला की व्होल्टेज झिंगल्यासारखं डोलतं.

यावर जुना उपाय म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती धरून कंट्रोलर आधीच सुस्त ठेवायचा. उपाय सुरक्षित आहे, पण फुकट नाही. सुस्त कंट्रोलरला सांभाळायला जास्त कपॅसिटर लावावे लागतात. खर्च वाढतो, जागाही जाते.

डिजिटल झाल्याने काय मिळालं, काय गेलं

ॲनालॉग कंट्रोलरमध्ये गेन म्हणजे प्रत्यक्ष रेझिस्टर आणि कपॅसिटर. गेन बदलायचा तर सोल्डरिंग गन हातात घ्या. डिजिटल कंट्रोलरमध्ये गेन म्हणजे रजिस्टरमधले नुसते आकडे. एडीसी व्होल्टेज वाचतो, लॉजिक गणित करतं आणि डिजिटल पीडब्ल्यूएम ड्यूटी ठरवतो. आकडे बदलायला एक फेरीसुद्धा पुरते. स्वतःला ट्यून करण्याची कल्पना स्वस्तात शक्य झाली ती यामुळेच.

पण दोन गोष्टी गेल्या. एक तो उशीर, जो आपण वर पाहिला. दुसरी म्हणजे सगळं पायऱ्यांनी मोजावं लागतं. समजा एडीसीची पायरी १० मिलिव्होल्टची आहे आणि ड्यूटीच्या एका पायरीने आउटपुट २० मिलिव्होल्ट हलतं. मग होतं काय, की एका पायरीवर व्होल्टेज कमी पडतं आणि पुढच्या पायरीवर जास्त होतं. बस कंडक्टरला ३ रुपये परत द्यायचेत आणि त्याच्याकडे फक्त ५ ची नाणी! कधी तो तुमचं देणं लागतो, कधी तुम्ही त्याचं, हिशोब काही मिटत नाही. कंट्रोलरही तसाच वर-खाली उड्या मारत राहतो. याला लिमिट सायकल म्हणतात. पीटरचेव्ह आणि सँडर्स यांनी २००३ साली यावरचे नियम नीट मांडले. त्यातला मुख्य नियम सोपा आहे. पीडब्ल्यूएमची पायरी एडीसीच्या पायरीपेक्षा बारीक हवी.

ऐकायला सोपं, पण १२ व्होल्टच्या इनपुटला १० मिलिव्होल्टपेक्षा बारीक पायरी हवी तर १२०० पेक्षा जास्त पायऱ्या लागतात, म्हणजे ११ बिट. साध्या काउंटरने हे ५०० किलोहर्ट्झला करायचं तर क्लॉक १ गिगाहर्ट्झच्याही थोडा वर जातो! म्हणून डिले लाइन, डिदरिंग अशा युक्त्या वापरतात. त्यावर वेगळा लेख होईल.

मैफिलीआधीची ठोकाठोक

झिगलर आणि निकल्स ही जोडी आपल्याला सिलॅबसमध्ये भेटते. त्यांनी १९४२ साली सांगितलं की गेन इतका वाढवा की सिस्टीम ऑसिलेट व्हायला लागेल. त्या वेळचा गेन आणि हेलकाव्याचा काळ लिहून घ्या आणि त्यावरून पीआयडीचे आकडे काढा. पद्धत झकास, पण प्लांट उडायच्या सीमेवर नेऊन उभा करायचा म्हणजे जिवाला घोर.

१९८४ साली स्वीडनमधल्या लुंड इथल्या कार्ल योहान ऑस्ट्रॉम आणि टोरे हेग्लुंड यांनी यातून सुंदर वाट काढली. पीआयडी थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि त्या जागी एक रिले लावायचा. आपल्या डिजिटल कंट्रोलरमध्ये हा रिले म्हणजे कोडमधली एक 'इफ' ओळ. व्होल्टेज कमी असेल तर ड्यूटी १ टक्का वाढव, जास्त असेल तर १ टक्का कमी कर. बस्स! आउटपुट आपोआप डोलायला लागतं, पण रिलेची उडी छोटी असल्यामुळे डोलणंही छोटंच राहतं.

हे डोलणं दोन गोष्टी सांगतं. त्याचा काळ म्हणजे झिगलर-निकल्सचा काळ. त्याच्या उंचीवरून अल्टिमेट गेन मिळतो. रिलेच्या उडीला ४ ने गुणा आणि हेलकाव्याची उंची गुणिले पाय याने भागा. उदाहरणार्थ, उडी ०.०१ आणि उंची २० मिलिव्होल्ट आली, तर उत्तर साधारण ०.६४ प्रति व्होल्ट. मग 'पी' गेन त्याच्या ०.६ पट, इंटिग्रल टाइम काळाच्या निम्मा, डेरिव्हेटिव्ह टाइम काळाचा आठवा भाग. झिगलर-निकल्सचे हे आकडे जरा तापट आहेत, म्हणून बरेच जण थोडे नरम करून वापरतात.

आणखी एक गंमत. रिलेच्या आधी एक इंटिग्रेटर जोडला तर तो ९० अंश आधीच खातो. मग सिस्टीम डोलते ती अशा फ्रिक्वेन्सीला जिथे कन्व्हर्टर उरलेले ९० अंश देतो. इंडक्टर-कपॅसिटरच्या झोक्याची ती स्वतःचीच लय! म्हणजे कपॅसिटर किती लावलाय हे कुणी न सांगता कंट्रोलरने शोधून काढलं. हे सगळं पॉवर ऑन होताना काही मिलिसेकंदांत उरकता येतं.

मैफल चालू असताना

पण सूर सरकतो तो मैफल चालू असताना. चांगला तबलजी वाजवता वाजवताच हलकेच एक ठोका मारून सूर जुळवतो, श्रोत्यांना कळतही नाही. कन्व्हर्टरनेही तसंच करायला हवं, कारण पलीकडे प्रोसेसर चालू आहे. त्याला सांगता येत नाही की बाबा, जरा थांब, मी ट्यून करतोय.

याचं मूळ मिडलब्रुक यांच्या १९७५ च्या पद्धतीत आहे. चालू असलेल्या लूपमध्ये एका जागी बारीकसा टेस्ट सिग्नल मिसळायचा आणि त्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे काय दिसतं ते मोजायचं. लूप तोडायची गरजच नाही. जेफ्री मोरोनी, रेगन झेन आणि द्रागान माक्सिमोविच यांनी २००९ साली यावरून डिजिटल कन्व्हर्टरसाठी अ‍ॅडॅप्टिव्ह ट्यूनिंगची पद्धत दिली. तिचा गाभा असा. आपल्याला हव्या असलेल्या क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सीचा बारीक सिग्नल सोडायचा. अलीकडचं आणि पलीकडचं अ‍ॅम्प्लिट्यूड सारखं असेल तर लूप गेन १ आहे, म्हणजे क्रॉसओव्हर बरोबर तिथेच आहे. पलीकडचं मोठं असेल तर गेन कमी करा, छोटं असेल तर वाढवा. दोन्ही सिग्नलमधल्या फेजच्या फरकावरून फेज मार्जिन कळतं. ते हवं तेवढं नसेल तर कॉम्पेन्सेटरचे झिरो थोडे सरकवा. हे हळूहळू, सतत चालू ठेवायचं.

यात कुठेही इंडक्टर किती, कपॅसिटर किती हे विचारलेलं नाही. जो परिणाम हवा आहे तोच मोजायचा आणि तोच सुधारायचा. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

पण शिकणं थांबवायचं कधी?

इथे थोडं विमानांकडे वळायला हवं, कारण स्वतः बदलणाऱ्या कंट्रोलरचा सगळ्यात महागडा धडा तिथे मिळाला आहे. अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट विमानांपैकी तिसऱ्यात एमएच-९६ नावाचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर होता. बारीक ऑसिलेशन सुरू होण्याच्या सीमेपर्यंत गेन वर ठेवायचा आणि ऑसिलेशन वाढलं की खाली आणायचा, अशी त्याची रीत. बरीच उड्डाणं ती उत्तम चालली. १५ नोव्हेंबर १९६७ ला मायकेल अ‍ॅडम्स हे विमान उडवत होते. वर जातानाच विजेच्या एका गडबडीने कंट्रोलवर परिणाम झाला. माथ्यावर विमान दिशेतून सरकलं आणि आवाजाच्या पाचपट वेगात गिरकीत सापडलं. अ‍ॅडम्स त्या गिरकीतून बाहेरही आले. पण खाली दाट हवेत येताना कंट्रोल सिस्टीम लिमिट सायकलमध्ये अडकली आणि जो गेन उतरायला हवा होता तो उतरला नाही. विमान हवेतच तुटलं आणि अ‍ॅडम्स गेले. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक हे.

पुढे १९८५ साली चार्ल्स रोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर दाखवलं की त्या काळचे अनेक अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर, मॉडेलमध्ये न धरलेले छोटे वेगवान परिणाम आणि छोटासा डिस्टर्बन्स एकत्र आले, तर हळूहळू भरकटत अस्थिर होऊ शकतात. काही मिळत नसताना शिकत राहणं, हे त्यातलं दुखणं. सिग्नलमध्ये माहिती नाही, फक्त नॉइज आहे, तरी बिचारा कंट्रोलर त्यातून अर्थ काढत राहतो.

आपल्या कन्व्हर्टरमध्ये हे असं दिसेल. टेस्ट सिग्नल बारीक आहे, तेवढ्यात प्रोसेसरने २ वरून २० अँपिअरवर उडी मारली. ट्यूनरला वाटलं, हा माझ्याच सिग्नलचा प्रतिध्वनी! आणि त्याने गेन बदलून टाकला, तोही नेमका नको त्या क्षणी. म्हणून ट्यूनरला काही नियम घालून द्यावेच लागतात. एरर मोठी असेल तेव्हा शिकणं बंद. शिकण्याचा वेग मूळ लूपच्या मानाने खूपच कमी. प्रत्येक गेनला वरची आणि खालची मर्यादा. आणि काही विचित्र दिसलं तर आधी ठरवून ठेवलेल्या सुस्त, पण भरवशाच्या आकड्यांवर परत यायचं.

शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो कंट्रोल थिअरीचा नसून साध्या शहाणपणाचा आहे. समजा कपॅसिटर सुकत चाललाय. साधा कंट्रोलर असता तर आउटपुट डोलायला लागलं असतं आणि कुणीतरी बोर्ड उघडून बघितलं असतं. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर मात्र गपचूप जुळवून घेतो. आउटपुट छान, सगळे खूश! घरातलं माणूस दुखणं अंगावर काढतं ना, तसंच. मग एक दिवस मर्यादा संपते आणि सगळं एकदम बसतं. म्हणून ज्या कंट्रोलरला स्वतःला बदलण्याची परवानगी दिली, त्याने काय बदललं ते सांगितलंच पाहिजे. आज गेन किती, गेल्या वर्षी किती होता, मर्यादेपासून किती लांब. पीएमबससारख्या बसवरून पॉवर मॉड्यूल तापमान, करंट, फॉल्ट कळवू शकतंच; त्यात ही माहितीही जाऊ शकते. ट्यूनर नाहीतरी हे सगळं मोजतोच. तेच मोजमाप कपॅसिटरचं हेल्थ चेकअप म्हणून वापरायला पैसाही जास्त लागत नाही.

आपण काय करू शकतो?

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा धरायला हरकत नाही. एक साधा मायक्रोकंट्रोलर, एक मॉसफेट, एक कॉइल, दोन-तीन कपॅसिटर एवढ्यात सुरुवात होते. स्विचिंग ५०० किलोहर्ट्झला नको, ५० ला ठेवा म्हणजे साध्या टायमरलाही पुरेशा पायऱ्या मिळतात. आधी रिलेची ती एक 'इफ' ओळ लिहा. सीआरओवर हेलकाव्याचा काळ मोजा. पॉवर बंद करून एक कपॅसिटर काढा, परत चालू करा आणि परत मोजा. काळ बदललेला दिसला की समजा, तुमच्या कंट्रोलरने कपॅसिटर गेल्याचं ओळखलं.

मग एक जास्तीची ओळ नक्की लिहा, जी रिपोर्टमध्ये कुणी मागत नाही. गेन मर्यादेला टेकला की एक लाल एलईडी लावणारी ओळ.